गाठ काढली, पण ओळख पटली का?

गर्भाशयात गाठ आहे, असे सोनोग्राफीच्या अहवालात वाचले की घरात दोन प्रश्न विचारले जातात. ती काढावी लागेल का, हा पहिला. आणि कर्करोग तर नाही ना, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे मिळते आणि ते बरोबरही असते. गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठी इतक्या सर्रास आढळतात, की पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात त्या लहानमोठ्या स्वरूपात असतात; कित्येकींना त्यांचा पत्ताही लागत नाही. परंतु अशाच दिसणाऱ्या काही मोजक्या गाठी निराळ्या कुळातल्या असतात. सोनोग्राफीत त्या फायब्रॉइडसारख्या दिसतात, तपासणाऱ्याच्या हाताला तशाच लागतात आणि कधी कधी सूक्ष्मदर्शकाखालीही चकवतात. गेल्या पंचवीस वर्षांत या गाठींची ओळख पटविण्याचा एक नवा मार्ग खुला झाला आहे. गाठीच्या पेशींमध्ये दोन वेगवेगळी जनुके चुकीने एकमेकांना जोडली गेली आहेत का, हे त्यात तपासले जाते. या जोडणीला जनुकसंयोग म्हणता येईल. डॉक्टरांच्या व्यवहारात 'जीन फ्यूजन' हाच शब्द रूढ आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपुरता मर्यादित आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याची सुरुवात तालुक्याच्या ठिकाणी होते. मावळ तालुक्याचेच उदाहरण घेऊ. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतील गावांमधून स्त्रिया उपचारांसाठी वडगाव, कामशेत, लोणावळा किंवा तळेगाव दाभाडे येथे येतात. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले रुग्णालय आहे. लोहमार्गाच्या एका टोकाला पुणे आणि दुसऱ्या टोकाला मुंबई आहे. म्हणजे हा भाग वैद्यकीयदृष्ट्या दुर्गम म्हणता येणार नाही. तरीही गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया जेथे होते ते लहान रुग्णालय आणि जनुकांची तपासणी जेथे होते ती प्रयोगशाळा यांच्यामध्ये अनेक हात असतात. काढलेली गाठ त्या हातांतून कशी जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

बोरघाटातील इंजिनाचा दाखला

प्रथम जनुकसंयोग म्हणजे काय, ते पाहू. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि प्रथिने तयार करण्याचा आदेश देणारी सुमारे २० हजार जनुके त्यांवर ओळीने मांडलेली असतात. पेशींचे विभाजन होत असताना गुणसूत्रे अधूनमधून तुटतात. पेशी ती जोडूनही घेते. मात्र क्वचित या दुरुस्तीत गफलत होते आणि एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राला जाऊन चिकटतो. बहुतेक वेळा त्यातून काही निष्पन्न होत नाही; पेशी मरून जाते किंवा बदल निरुपद्रवी ठरतो. परंतु तुटण्याची जागा नेमकी दोन जनुकांच्या मध्यावर आली, तर एकाचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध मिळून एक संकरित जनुक तयार होते. त्या जनुकापासून निरोगी पेशीत एरवी नसणारे प्रथिन बनू लागते.

लोणावळ्याच्या वाचकांना एक दाखला सहज पटेल. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावली जातात आणि लोणावळ्यात ती सोडवली जातात. चढ संपला, काम संपले. समजा, ती सोडवलीच नाहीत आणि ती पुढेही ढकलतच राहिली, तर सपाटीवर गाडी आवरणे कठीण होईल. काही जनुकसंयोगांत नेमके असेच घडते. एनटीआरके नावाची जनुके एरवी प्रामुख्याने मज्जापेशींत, इशारा मिळेल तेव्हाच काम करतात. त्यांच्या पुढे सतत चालू असणाऱ्या दुसऱ्या जनुकाचा भाग जोडला गेला की इशाऱ्याची गरजच उरत नाही. पेशीला 'वाढ, वाढ' असा आदेश अखंड मिळू लागतो.

येथे 'संकरित' हा शब्द आला म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. मावळात संकर म्हटले की वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी भात आठवतो. तो संकर दोन वाणांचा, हेतुपूर्वक केलेला आणि बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरणारा. गाठीतला संयोग याच्या अगदी उलट आहे. तो अपघाताने, शरीरातील एखाद्याच पेशीत घडतो आणि त्या पेशीच्या वंशापुरता राहतो. स्त्रीच्या बीजांडात तो नसतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

कर्करोगात असे काही घडते, याचा पहिला ठोस पुरावा रक्ताच्या कर्करोगात मिळाला. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांत एक गुणसूत्र आखूड झालेले दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रावली यांनी दाखविले, की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे कारण आहे. या संयोगातून बनणारे प्रथिन थोपविणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. आपल्याकडे हे औषध वृत्तपत्रांत गाजले ते पेटंटच्या दाव्यामुळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा त्यासंबंधीचा दावा फेटाळला. न्यायालयीन गाजावाजात त्या औषधामागची मूळ कल्पना मात्र काहीशी मागे पडली. आजाराचे नाव अवयवावरून किंवा पेशींच्या दिसण्यावरून न ठरवता त्याच्या मुळाशी असलेल्या जनुकीय चुकीवरून ठरवावे आणि औषधही त्या चुकीवरच योजावे, ही ती कल्पना. गर्भाशयाच्या गाठींच्या बाबतीत ती उशिरा आली.

एकच गुणसूत्र, दोन भिन्न आजार

गर्भाशयाचा कर्करोग म्हटला की बहुधा आतल्या अस्तराचा कर्करोग अभिप्रेत असतो. या लेखाचा विषय त्याहून वेगळा, सार्कोमा या गटातील गाठींचा आहे. या गाठी स्नायू किंवा अस्तराखालच्या आधारपेशींतून उगवतात. गर्भाशयाच्या सर्व कर्करोगांत त्यांचे प्रमाण शंभरात तीन ते सात इतकेच आहे. दुर्मीळ असल्यामुळेच त्यांची ओळख पटणे अवघड असते. तालुक्यातील स्त्रीरोगतज्ज्ञाच्या साऱ्या कारकिर्दीत अशा दोन-चारच गाठी समोर येतील.

आधारपेशींतून उगवणाऱ्या स्ट्रोमल सार्कोमाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखविले, की यातील अनेक गाठींत सातव्या गुणसूत्रावरील जेएझेडएफ१ आणि सतराव्या गुणसूत्रावरील एसयूझेड१२ ही जनुके जोडलेली असतात. एसयूझेड१२ हे जनुक पेशीतील इतर जनुकांना गप्प ठेवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग आहे. ती यंत्रणाच बिघडते. पुढे २०१२ मध्ये याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही गाठींत निराळाच संयोग सापडला. तेथेही सतरावे गुणसूत्रच होते, पण त्याची दुसरी भुजा, आणि जोडीदार दहावे गुणसूत्र. वायडब्ल्यूएचएई आणि एनयूटीएम२ ही त्या जनुकांची नावे. नावे लक्षात ठेवण्याची वाचकांना गरज नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की एका नावाखाली वावरणारे हे दोन आजार वागणुकीत एकमेकांपासून फार दूर आहेत.

पहिला संथ आहे. त्याच्या पेशींवर बहुधा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक असतात. म्हणून गाठ पुन्हा उद्भवली तरी शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी ती वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकते. या रुग्णांना रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन देणे मात्र टाळावे लागते. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे टॅमॉक्सिफेनही येथे वर्ज्य मानले जाते, कारण गर्भाशयाच्या पेशींवर त्याचा परिणाम उलटा, म्हणजे इस्ट्रोजेनसारखा होतो. दुसरा आजार आक्रमक आहे. त्याच्या वेगाने वाढणाऱ्या भागात संप्रेरकांचे ग्राहक बहुधा नसतात; तेथे गोळ्यांवर विसंबणे म्हणजे वेळ दवडणे. त्यासाठी केमोथेरपीचा विचार करावा लागतो. आता कल्पना करा, की दोघींच्याही अहवालावर 'स्ट्रोमल सार्कोमा' इतकेच दोन शब्द आहेत. एकीला अनावश्यक केमोथेरपी मिळू शकते, दुसरीला निरुपयोगी गोळ्या. जनुकसंयोगाची तपासणी केवळ संशोधकांच्या कुतूहलाचा विषय नाही, ती यामुळे.

यानंतर आणखी काही संयोग उजेडात आले. २०१८ मध्ये गर्भाशयाच्या, विशेषतः गर्भाशयमुखाच्या काही सार्कोमांत वर सांगितलेल्या एनटीआरके जनुकांचे संयोग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. या गाठी तुलनेने तरुण स्त्रियांत दिसतात. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली, आणि तीही अवयव न पाहता, केवळ हा संयोग असल्यास. दुसरे उदाहरण एएलके जनुकाच्या संयोगाचे. दाहसदृश पेशींनी भरलेली एक विशिष्ट गाठ गर्भाशयात स्नायूच्या गाठीची हुबेहूब नक्कल करते. तिच्यात हा संयोग बहुधा सापडतो. जेव्हा शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता येत नाही, तेव्हा क्रिझोटिनिब हे औषध उपयोगी पडू शकते. अमेरिकेत २०२२ च्या जुलैमध्ये त्यास या कारणासाठी मान्यता मिळाली. हेच औषध आपल्याकडे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी वापरले जाते, त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांना ते परके नाही.

संयोग म्हणजे कर्करोग नव्हे

येथपर्यंत वाचून तपासणी म्हणजे अंतिम निवाडा, असे कोणास वाटले तर तो समज लगेच दूर केलेला बरा. जेएझेडएफ१ आणि एसयूझेड१२ यांचा संयोग स्ट्रोमल सार्कोमात सापडतो, तसाच तो आधारपेशींच्या पूर्णतः निरुपद्रवी गाठीतही सापडतो. दोन्हींच्या पेशी सारख्या, जनुकीय चूकही सारखी. फरक एवढाच, की निरुपद्रवी गाठ आपल्या हद्दीत राहते आणि सार्कोमा आजूबाजूच्या स्नायूत व रक्तवाहिन्यांत जिभा काढल्यासारखा शिरतो. हा फरक जनुकांची कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो सांगतो गाठीचा काठ पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ, ज्याला आपण पॅथॉलॉजिस्ट म्हणतो. आणि काठ पाहायचा तर गाठ अखंड हवी.

साध्या फायब्रॉइडमध्येही जनुकीय बदल असतात. २०११ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखविले, की सुमारे ७० टक्के फायब्रॉइडमध्ये एमईडी१२ या जनुकात एक लहानसा बदल असतो. तो संयोग नव्हे, एखाद्या अक्षराची चूक म्हणावी तसा. काही फायब्रॉइडमध्ये तर बाराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांची खरोखर अदलाबदल झालेली असते. तरीही ती फायब्रॉइडच राहते. उलट गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग, लायोमायोसार्कोमा, हा सर्व सार्कोमांत अधिक आढळणारा व घातक. पण त्यात ठरावीक असा संयोग सहसा नसतोच. म्हणून 'संयोग आढळला नाही' या वाक्याचा अर्थ 'धोका नाही' असा घेऊ नये. संथ स्ट्रोमल सार्कोमातही वरील संयोग साधारण निम्म्या गाठींतच दिसतो. इतरांत दुसरे संयोग असतात, किंवा काहीच सापडत नाही.

सारांश, तपासणीचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखालील चित्राशेजारी ठेवूनच वाचायचे असते. केवळ प्रयोगशाळेचा कागद हाती घेऊन इंटरनेटवर अर्थ शोधणाऱ्या नातेवाइकांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे, परंतु त्यातून निष्पन्न काही होत नाही.

फॉर्मलिनचा डबा आणि मेणाची वडी

शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या अवयवाचे काय होते, याची सर्वसामान्यांना कल्पना नसते. तो फॉर्मलिन या द्रवात ठेवावा लागतो. द्रव भरपूर हवा, साधारणतः अवयवाच्या दहापट. फॉर्मलिन ऊतींत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. म्हणून नारळाएवढे गर्भाशय न कापता डब्यात टाकले, तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला गाभा कुजू लागतो. उन्हाळ्यात हे अधिक लवकर घडते. गर्भाशय उघडून, गाठीला छेद देऊन ठेवणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि पुढच्या हजारो रुपयांच्या तपासणीचे यश त्या दोन मिनिटांवर अवलंबून असते. अवयव सलाइनमध्ये ठेवून उद्या पाठवू म्हटले, तर हानी होते. दुसऱ्या टोकाला, पावसाळ्यात कुरिअर अडकले आणि डबा आठवडाभर फॉर्मलिनमध्ये पडून राहिला, तर सूक्ष्मदर्शकाचे काम भागते, मात्र जनुकीय तपासणीसाठी लागणारा आरएनए हा नाजूक रेणू तुकडे-तुकडे होऊन जातो.

प्रयोगशाळेत गाठीचे निवडक तुकडे मेणात बसवतात. ही झाली मेणाची वडी, म्हणजेच 'ब्लॉक'. त्यातून मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतके पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात आणि रंगवतात. केंद्रके जांभळी-निळी, बाकीचा भाग गुलाबी. शंभराहून अधिक वर्षे जुनी असलेली ही पद्धत आजही निदानाचा पाया आहे. आपल्याकडे तो पाया घालणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

रंगवलेल्या कापाने शंका मिटली नाही, तर विशिष्ट प्रथिनांना रंग देणाऱ्या तपासण्या केल्या जातात. एएलके किंवा टीआरके ही प्रथिने गाठीत दिसली तर संयोगाचा संशय बळावतो. हा तुलनेने स्वस्त चाळणीचा टप्पा आहे. पुढचा टप्पा 'फिश' या नावाने ओळखला जातो. ज्या जनुकाबद्दल संशय आहे, त्याच्या दोन बाजूंना एक लाल आणि एक हिरवा असे चमकणारे ठिपके चिकटवतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके शेजारी शेजारी, जवळजवळ पिवळे दिसतात. तुटलेले असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. जनुक तुटले, हे या तपासणीत कळते. जोडले कोणाशी गेले, हे त्यावरून कळेलच असे नाही. ते हवे असल्यास ब्लॉकमधून आरएनए काढून त्याचा क्रम वाचावा लागतो. या आधुनिक तपासणीत अनेक जनुकांचे संयोग एकाच वेळी शोधता येतात. तिचे उत्तर येण्यास बहुधा दोन-तीन आठवडे लागतात आणि खर्च काही दहा हजार रुपयांच्या घरात जातो. 'फिश'चा खर्च त्यामानाने कमी असतो.

मावळातील रुग्णाच्या दृष्टीने दिलासा देणारी गोष्ट अशी, की या तपासण्यांसाठी तिला स्वतःला कोठेही जावे लागत नाही. प्रवास ब्लॉकचा होतो. टाटा मेमोरियलमध्ये सार्कोमांच्या अशा तपासण्या होतात. त्याच केंद्राची खारघर येथील संस्था द्रुतगती मार्गाने मुंबईकडे जाताना वाटेवरच आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील कर्करोग रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली आहेत. खासगी प्रयोगशाळाही ब्लॉक स्वीकारतात. ब्लॉक हलविताना एकच पथ्य पाळावे: तो उन्हात, विशेषतः मोटारीच्या काचेजवळ ठेवू नये. मेणच ते, साठ अंशांच्या आत वितळते.

दुर्बिणीतून काढलेले तुकडे

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गर्भाशय काढण्याचे प्रमाण वाढले आहे आणि रुग्णाला त्याचा लाभही होतो. टाके लहान, घरी परतणे लवकर. मोठे गर्भाशय लहान छिद्रातून बाहेर काढण्यासाठी काही वेळा ते पोटातच यंत्राने बारीक करतात. गाठ फायब्रॉइडची असेल तर यात फारसे बिघडत नाही. परंतु ती सार्कोमा निघाली, तर तिचे कण पोटभर पसरण्याचा धोका असतो. शिवाय वर सांगितलेला गाठीचा काठ तपासायला उरतच नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीच्या गर्भाशयात अनपेक्षितपणे सार्कोमा असतो, असा त्यांचा त्या वेळचा अंदाज होता. तो आकडा जास्त आहे, अशी टीका अनेक तज्ज्ञांनी केली. २०२० मध्ये त्याच प्रशासनाने हे यंत्र वापरायचेच असेल तर बंद पिशवीच्या आत वापरावे, अशी शिफारस केली. शस्त्रक्रियेपूर्वी 'गर्भाशय अखंड काढणार की तुकडे करून, आणि तुकडे करणार असल्यास पिशवीत का', हे डॉक्टरांना विचारण्यात कोणताही अविश्वास नाही.

रजोनिवृत्तीनंतर अंगावरून जाऊ लागले किंवा रजोनिवृत्तीनंतरही गाठ वाढत राहिली, तर अधिक सावध राहावे. अशा वेळी एमआरआयची मदत होते. पाळी चालू असलेल्या वयात गाठ भराभर वाढली म्हणून ती सार्कोमाच असेल, असे नाही. गर्भाशयमुखाची पॅप तपासणी या गाठींसाठी नाही. ती 'नॉर्मल' आली म्हणून येथे निश्चिंत होता येत नाही.

पिशवी काढली, तपासली का?

महाराष्ट्रात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला वेदनादायक पार्श्वभूमी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रियांचा हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि राज्यांनी त्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणावीत, असे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील शंभरात सुमारे तीन स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे, आणि यांतील साधारण दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या आहेत.

या आकड्यांची चर्चा शस्त्रक्रियेची गरज होती का, या अंगाने झाली आणि ती व्हायलाच हवी होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: काढलेली पिशवी तपासायला गेली का? खर्च वाचविण्यासाठी ती पाठवली नाही, किंवा नातेवाइकांना डबा दाखवून मग टाकून दिली, तर निदानाचे दार कायमचे बंद होते. नातेवाइकांना गाठ 'दाखविणे' म्हणजे तपासणी नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग प्रत्येक गाठीची जनुकीय तपासणी करावी का? मुळीच नाही. नेहमीच्या फायब्रॉइडसाठी ती खर्चिक आणि निरर्थक आहे. साध्या तपासणीत पेशी संशयास्पद दिसल्या, गाठीचे नाव ठरेना, किंवा सार्कोमा आहे पण कोणता हे कळेना, तेव्हाच तिची वेळ येते. कोणत्या जनुकापासून आरंभ करायचा, हे सूक्ष्मदर्शकाखालील चित्र पाहणाऱ्याने सुचवावे. मोठ्या जाहिराती करून सरसकट 'संपूर्ण पॅनेल' करवून घेण्याचा आग्रह होत असेल, तर त्या अहवालाने उपचारात काय बदलणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. उपचार बदलणार नसेल तर पैसे राखून ठेवलेले बरे. शस्त्रक्रियेनंतरच्या वाऱ्यांना ते लागतातच.

एक प्रश्न मात्र प्रत्येक घरात विचारला जातो, बहुधा दबक्या आवाजात: मुलीला होईल का? जनुकीय तपासणी हा शब्द ऐकला की लग्नाच्या मुलीची काळजी आईला स्वतःच्या आजाराहून मोठी वाटते, आणि त्यापायी तपासणीच नको म्हणणाऱ्या स्त्रियाही असतात. म्हणून इंद्रायणीच्या बियाण्याचा मुद्दा पुन्हा सांगतो. येथे चर्चिलेले संयोग गाठीच्या पेशींत घडलेले असतात. ते आईकडून मुलीकडे जात नाहीत, आणि त्यासाठी मुलीच्या रक्ताची तपासणी करण्याचे कारण नाही. अपवाद निराळ्या, संयोग नसलेल्या बदलाचा आहे. एफएच नावाच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या काही घराण्यांत स्त्रियांना तरुणपणीच अनेक मोठे फायब्रॉइड होतात आणि घरातील स्त्री-पुरुषांना मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. पॅथॉलॉजिस्टने पेशींवरून तशी शंका नोंदविली, तर मात्र घरातील इतरांनी जनुकीय सल्ला घेणे योग्य ठरते.

संथ स्ट्रोमल सार्कोमाची एक विचित्र सवय आहे. शस्त्रक्रियेनंतर दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनीही तो परत येऊ शकतो, आणि पुष्कळदा थेट फुप्फुसांत. तोपर्यंत मूळ शस्त्रक्रिया फायब्रॉइडची होती, एवढेच घरच्यांना आठवत असते. छातीच्या एक्स-रेत ठिपके पाहून क्षयाची किंवा दुसऱ्याच कर्करोगाची शंका घेतली जाते. अशा वेळी जुना ब्लॉक मिळाला, तर दोन्ही ठिकाणच्या पेशी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि दोन्हींत एकच संयोग सापडला तर कोडे सुटते. आरएनए जुन्या ब्लॉकमध्ये विरलेला असू शकतो. 'फिश' मात्र पुष्कळदा जमते. प्रयोगशाळा ब्लॉक काही वर्षे सांभाळतात, कायमचे नाही, आणि मुदत संस्थेगणिक बदलते. रुग्णाने लेखी मागणी केल्यास ते सही घेऊन देण्याची प्रथा आहे. शस्त्रक्रियेचा अहवाल घेताना त्यावरील बायोप्सी क्रमांक, प्रयोगशाळेचे नाव आणि ब्लॉक किती काळ ठेवणार हे विचारून सोनोग्राफीच्या कागदांसोबत त्याच पिशवीत लिहून ठेवावे.